आधी ठिणगी बघ, कार्बोरेटर नंतर

जुनी पेट्रोल गाडी सुरू होत नसेल, तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडायची घाई करू नकोस. नवखे सगळे तिथेच हात घालतात, मीही घातला होता. आधी बॅटरीला मीटर लाव: उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, आणि स्टार्टर फिरताना साडेनऊच्या खाली जायला नको. जात असेल तर इंजिन ते चासीची (गाडीच्या सांगाड्याची) अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घास. रंगाखाली गंज लपतो. मग डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढ. आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळवंडलेत? बारीक पॉलिश पेपरने पुसून त्यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोज. बऱ्याच जुन्या पेट्रोल इंजिनांत ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, पण आकडा तुझ्या मॅन्युअलमधलाच धर. स्पार्क प्लगची ठिणगी निळी, चटकन उडणारी हवी. पिवळट, मरगळलेली दिसली तर कंडेन्सरवर (पॉइंटना जोडलेल्या छोट्या डबीवर) संशय घे. आणि वर्षभर टाकीत पडलेलं पेट्रोल? वार्निशसारखा वास आला की सरळ काढून टाक.