मधू दंडवते वीस वर्षं राजापूरचे खासदार होते. रेल्वेतल्या गाद्या सोडल्या तर त्यांनी नेमकं काय केलं?

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, आधी त्याचं बघू. तुम्ही लिहिलंय की आजचे खासदार निदान रस्ता, समाजमंदिर, बसथांब्याची शेड असं काहीतरी बांधतात, पण 'दंडवते यांच्या खासदार निधीतून' अशी एकही पाटी सिंधुदुर्गात दिसत नाही. दिसणार कशी? खासदार निधीची योजना सुरू झाली डिसेंबर १९९३ मध्ये. दंडवते राजापूरमधून लोकसभेत होते १९७१ ते १९९१. त्यांच्या हातात असा एक पैसाही नव्हता. त्या काळातल्या खासदाराकडे दोनच गोष्टी असायच्या, सभागृहातलं तोंड आणि सरकारदरबारी शब्दाला असलेलं वजन. जोखायचं तर त्यावरच जोखायला हवं. आणि तसं जोखलं तरी सगळंच काही गोड निघत नाही, हेही सांगतो.

मी मूळ कुडाळकडचा, नोकरी मुंबईत, आता निवृत्त. आमच्या घरात वडील त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचे, कारण मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे कोकणातले नव्हेत, जन्म अहमदनगरचा. राजापूरची जागा त्यांना मिळाली ती बॅरिस्टर नाथ पै यांच्या जाण्याने. नाथ पै १९५७ पासून तिथले खासदार. जानेवारी १९७१ मध्ये ते अचानक गेले आणि दोनच महिन्यांनी निवडणूक होती. एवढ्या मोठ्या वक्त्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे चेष्टा नव्हती. दंडवते नाथ पैंसारखे बोलायचे नाहीत, मुद्दे वर्गात मांडल्यासारखे एकामागून एक मांडायचे. मी लहानपणी वडिलांबरोबर एका सभेला गेलो होतो. भाषणातलं काही आठवत नाही, पेट्रोमॅक्सवर आपटणारे किडे तेवढे आठवतात.

आता गाद्या. त्यांचा उल्लेख तुम्ही जरा हसण्यावारी नेलाय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे डब्यावरचं नाव बदललं. आत फळ्या त्याच. तीसतीस तास लाकडावर झोपून माणसं प्रवास करायची. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम घालायचं ठरलं. पहिल्या वर्गाच्या सोयी कापून समता आणायची नाही, खालच्या वर्गाला वर उचलायचं, हा त्यामागचा विचार. ते समाजवादी होते, पण कुणाची तरी गादी काढून घ्या असं म्हणणारे नव्हते. आधी मुख्य मार्गांवरच्या गाड्या, मग हळूहळू बाकीच्या. त्यानंतर सरकारं आली, गेली, पण पुन्हा फळीवर जायची कुणाची हिंमत झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिला पहिला वर्गच नव्हता.

दुसरं काम माझ्या मते याहून मोठं, पण त्याची आठवण कमी निघते. मे १९७४ च्या रेल्वे संपानंतर हजारो कामगारांना कामावरून काढून टाकलं होतं. मंत्री झाल्यावर दंडवत्यांनी त्यांना परत घेतलं. ज्या घरात तीन वर्षं पगार आला नव्हता तिथे हे काम गादीपेक्षा मोठं होतं. संगणकावरच्या आरक्षणाचं श्रेयही काही लोक त्यांना देतात. तिथे मी जरा हात आखडता घेईन. विचार त्यांच्या काळात सुरू झाला असेल, पण ती यंत्रणा दिल्लीत चालू झाली १९८० च्या दशकाच्या मध्यावर, दुसऱ्यांच्या राजवटीत.

मग कोकण रेल्वे? तुमचा खरा रोख तिथे असावा, आणि आमच्याकडेही हाच वाद चालायचा. स्वतः रेल्वेमंत्री असताना आणली का नाही? त्या अडीच वर्षांत हाती घेतला गेला तो फक्त आपटा ते रोहा हा तुकडा, आणि रोह्याला गाडी पोचायला १९८६ उजाडलं. रोहा रायगडात. राजापूर मतदारसंघाला त्याचा उपयोग शून्य. आम्ही आपले एसटीच्या रातराणीने वळणं मोजत, उलट्या करत चतुर्थीला गावी पोचायचो. वडील म्हणायचे, "रेल्वे काय माझ्या हयातीत येवची नाय." मंत्री आपलाच असून हे असं, याचा राग लोकांच्या मनात होता आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही. पैसा नव्हता हे खरं, पण डोंगरातल्या अवघड रुळांना पैसा कधीच नसतो.

पैशाचा तो प्रश्न सुटला तोही त्यांच्याच हातून, मात्र दुसऱ्या खात्यातून. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार आलं आणि एक विलक्षण योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्म मंगळूरचा. अर्थमंत्री दंडवते, राजापूरचे खासदार. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. मार्ग ज्या किनाऱ्याने जायचा त्याचीच तीन माणसं तीन किल्ल्या घेऊन बसलेली. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाची वाट न बघता वेगळं महामंडळ काढायचं ठरलं. भांडवलात रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा बाजारात रोखे विकून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन यांच्या हाती काम दिलं गेलं, आणि नोव्हेंबरात सरकार पडलं. जेमतेम अकरा महिने! तेवढ्यात हे उरकलं नसतं तर पुढची फाईल कुठल्या कपाटात गेली असती कोण जाणे. श्रेय एकट्या दंडवत्यांचं नाही, पण अर्थखात्याने नाक मुरडलं असतं तर बाकीचे दोघे काही करू शकले नसते.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. एक मला पटते, एक पटत नाही. पटते ती सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला ती. १९६३ मध्ये चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी आली, पुढे १९६८ मध्ये कायदाच झाला. आमच्या आळीतल्या सोनाराचा मुलगा त्याच दिवसांत ऐरण सोडून परळला गिरणीत चिकटला. कायद्याने सोन्याची हाव काही कमी झाली नाही, तस्करांची मात्र चांदी झाली. १९९० मध्ये दंडवत्यांनी तो मोडीत काढला. समाजवादी माणसाने नियंत्रण उठवावं हे त्यांच्याच काही मित्रांना रुचलं नसेल.

न पटणारी गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी. मी तेव्हा एका बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो. ज्यांनी बायकोचं डोरलं मोडून हप्ते भरले होते ते काउंटरवर येऊन विचारायचे, साहेब, आमचं काय चुकलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफीची गरज होती अशी घरंही मी पाहिलीत, म्हणून सरसकट नावं ठेवत नाही. पण फेडायची सवय मोडली ती त्या वर्षी, हे बँकेतला कुठलाही जुना माणूस सांगेल. तिजोरीची अवस्था आधीच वाईट होती, त्यात ऑगस्टमध्ये आखातात भडका उडून तेल महागलं.

मंत्रिपदं मिळून चार वर्षंही भरत नाहीत. बाकीचा सगळा काळ ते विरोधी बाकांवर होते, आणि त्यांची खरी जागा तीच. १९८४ ला काँग्रेसच्या लाटेत जनता पक्षाचे देशभरात दहाच खासदार निवडून आले, त्यांत हे एक. आणीबाणी लागली तेव्हा पक्षांतरविरोधी विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी ते बंगळुरात होते. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र हेही तिथेच. सगळे तिथूनच तुरुंगात. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत राहिली. पुढे १९८० ला त्याही मुंबईतून निवडून आल्या आणि लोकसभेत नवरा-बायको एकाच वेळी दिसले. त्यांच्या भाषणांबद्दल माझ्या शब्दांवर विसंबू नका. लोकसभेच्या चर्चांचे जुने खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतात. अर्थसंकल्पावरची त्यांची दोन भाषणं वाचा आणि मग आजच्या खासदारांची दोन वाचा.

तरीही १९९१ ला ते पडले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. दिल्लीतून आमच्याकडे बघायला प्रोफेसरांना वेळ नाही, हे वाक्य तेव्हा बाजारात सर्रास ऐकू यायचं. त्यात तथ्य होतं. आमच्याकडची तरणी पोरं तोवर शिवसेनेच्या शाखांवर जमू लागली होती, समाजवाद्यांचा जुना गोतावळा म्हातारा झाला होता, आणि रेल्वे अजून कागदावर, जमिनीच्या मोजणीत अडकलेली. अख्खा मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. गंमत म्हणजे त्या वेळी दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, खासदार नव्हते.

वडिलांनी ती गाडी पाहिली, दोनदा बसलेही. पण १९९१ ला त्यांनी मत कुणाला दिलं, हे मी तीन वेळा विचारूनही त्यांनी कधी सांगितलं नाही.