चाकाच्या लॉकिंग नटची चावी हरवली किंवा तुटली, तर नट कसा काढायचा?

लॉकिंग नट म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला खास आकाराचा नट, तो त्याच्या जोडीच्या चावीनेच निघतो. आधी ती चावी नीट शोधा. स्टेपनीखालचा खळगा, जॅकची पिशवी, डॅशबोर्डचा कप्पा, सीटखाली. बहुतेकदा ती तिथेच असते, किंवा मागच्या वेळी टायर बदलणाऱ्याकडे राहिलेली असते. गाडीच्या कागदपत्रांत कोड असलेलं कार्ड सापडलं तर त्यावरून नवी चावी मागवता येते. कोड नसेल तर शोरूमकडे बऱ्याचदा सगळ्या नमुन्यांचा संच असतो.

हे काहीच जमलं नाही, तर नटापेक्षा किंचित लहान, बारा कोनांचं, स्वस्तातलं सॉकेट (नटावर बसणारी पान्याची टोपी) हातोड्याने नटावर घट्ट ठोकून बसवा आणि लांब दांड्याच्या पान्याने सावकाश फिरवा. सॉकेट वाया जाणार हे गृहीत धरा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे आतून उलटे आटे असलेलं एक्स्ट्रॅक्टर सॉकेट. जोर लावाल तसं ते नटात अधिक रुततं.

गाडी जमिनीवरच असू द्या, हँडब्रेक ओढा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला. बाकीचे नट आधी सैल करू नका, नाहीतर सगळा ताण या एकट्यावर येतो आणि तो आणखी अडकतो.

नटाची बाहेरची कडी नुसतीच गरागरा फिरत असेल तर ठोकाठोकी थांबवा. तो प्रकार मुद्दाम चोरांना अडवण्यासाठीच बनवलेला असतो, जाणकाराकडे जा. ड्रिल किंवा वेल्डिंग स्वतः करू नका, अलॉय व्हील खराब होतं.

आणि हो, चावी तुटते ती बहुधा इम्पॅक्ट गनमुळे, म्हणजे टायरवाल्याकडच्या नट झटक्याने फिरवणाऱ्या यंत्रामुळे. लॉकिंग नट नेहमी हातानेच सोडवायला सांगा. मी तर शेवटी चारही चाकांना साधेच नट लावून टाकले.