अपोप्टोसिस : आत्महत्या नव्हे, गळ

नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : चेतापेशींना लागणाऱ्या 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' या प्रथिनाला (एनजीएफ) वाढघटक म्हणावं की वृद्धिघटक? आणि त्याचा पुरवठा तुटला की चेतापेशी 'आत्महत्या करतात' असं लिहावं का?

आत्महत्या मुळीच लिहू नका. हे ऐकून ऐकून कान किटलेत. पेशीच्या अशा आतून घडवलेल्या मरणासाठी १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी एका निबंधात 'अपोप्टोसिस' हा शब्द रूढ केला. तो सुचवला ॲबरडीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. अर्थ : झाडाची पानं, फुलाच्या पाकळ्या गळणं. यातला 'अपो' म्हणजे आपला 'अप'. 'प्टोसिस'चा धातू आणि संस्कृतचा 'पत्' सख्खे भाऊ. त्या 'पत्'मधून पतन आलं आणि पत्रही, आधी पंख या अर्थी, मग पान. गळणं आणि गळणारं पान एकाच धातूची लेकरं! दुसरा 'प' मुका ठेवावा असं त्याच निबंधात सुचवलंय. मराठीत तो खणखणीत उच्चारावा, 'पत्' तिथेच तर आहे.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराकडे शब्द तयार आहे : गळ. 'गळ फार निष्क्रिय, पेशी तर स्वतःला मारते' म्हणणाऱ्या पंडितांनी आंबिया बहाराचं झाड पाहावं. फळाकडून देठाला मिळणारं ऑक्सिन (वनस्पतीचं वाढसंप्रेरक) घटलं की देठाशी पेशींचा खास थर कामाला लागतो, विकरं सोडून जोड सैल करतो, तेव्हा फळ सुटतं. म्हणून तर १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम २,४-डी फवारतात. ते कृत्रिम ऑक्सिनच आहे.

चेतापेशींचंही तसंच. भ्रूणात त्या गरजेपेक्षा जास्त बनतात, कित्येक ठिकाणी निम्म्याच्या आसपास गळतात. नवजात रॅटच्या अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतापेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवून एनजीएफ तोडलं तर दोनेक दिवसांत बहुतेक मरतात. नुसतं बशीतलं पोषक माध्यम बदलून भागत नाही, उरल्यासुरल्या एनजीएफवर पेशी तग धरतात. एनजीएफला पकडणारी प्रतिपिंडं घालावी लागतात. आणि त्याच वेळी सायक्लोहेक्झिमाइडने नवी प्रथिनं बनणं रोखलं, तर पेशी मरत नाहीत! १९८८ सालचा हा निष्कर्ष. गळायलाही आतून काम लागतं, देठाशी लागतं तसंच.

पेशी फुगून फुटली, आतला ऐवज सांडून दाह झाला, तर तो नेक्रोसिस. ती सड, गळ नव्हे.

राहिला वाढघटक. वृद्धिघटकापेक्षा तो बरा, सोपा आहे. पण या पेशी बशीत विभागत नाहीत. एनजीएफ त्यांचे तंतू वाढवतं आणि मुख्य म्हणजे त्यांना तगवतं. 'तगघटक' म्हणा.