तारा शू करायला गेला होता

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे येणारे मराठी आयांचे फोन एकाच वळणाचे होतात. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, समुपदेशन करते, आसपास आपली मंडळी पुष्कळ. "ताई, याला मेंढी केलंय." "ताई, हिला मेरी का नाही दिली? रंगामुळे असेल का?" जानेवारीत सूर बदलतो. "तो स्टेजवर गोंधळला आणि तेव्हापासून वर्गात बोलतच नाही. आत्मविश्वास गेला का हो त्याचा?"

इथल्या अनेक प्राथमिक शाळांत डिसेंबरमध्ये ख्रिस्तजन्माचं नाटक होतं. चार ते सात वर्षांची मुलं ते करतात. वर्गात तीस मुलं आणि कथेत माणसं मोजकी, म्हणून मग तारे, उंट, मेंढ्या आणि धर्मशाळेचा मालक. (बायबलात या मालकाचा उल्लेखच नाही. बेथलेहेमच्या वाटेवरचं गाढवही नंतर आलेलं. शाळांना त्याने काही फरक पडत नाही.) हॉलमध्ये दुपारच्या जेवणाचा वास असतो, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आईवडील गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले असतात, आणि दर वर्षी कुणीतरी रडतं, कुणीतरी झगा डोक्यावर घेतं, कुणीतरी बाळ येशूला एका पायाला धरून उचलतं. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणून हा देखावा उभा केला. ते गाढव तरी शहाण्यासारखं उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या एका आईची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मुलाला त्याची आजी बाळ्या म्हणते, मीही तेच म्हणेन. वय पाच.

बाळ्याला मेंढपाळाचं काम होतं. आईला जोसेफ, म्हणजे मेरीचा नवरा, हवा होता, तिने शिक्षिकेला तशी ईमेलही केली होती. मी तिला सांगितलं, "चारही शुभवर्तमानांत जोसेफच्या तोंडी एक वाक्य नाही. देवदूत दिसले ते मेंढपाळांना. 'चला, बेथलेहेमला जाऊ' हे बोलतात तेही तेच." तिला हसू आलं नाही. आजी मात्र खूश होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली, आरेवाडीच्या बिरोबाची जत्रा बघत वाढलेली ती बाई. तिने नातवाला पंचाचं मुंडासं बांधलं, खांद्यावर घोंगडीसारखी शाल टाकली. "धनगर झालाय माझा बाळ्या!"

त्याचं वाक्य एकच होतं, "तो बघा तारा! चला त्याच्यामागे." (ताऱ्यामागे खरं तर मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, नाटकातले राजे, जातात, मेंढपाळ नव्हे. पण शाळेत सगळे एकाच रांगेत निघतात.) ऐन वेळी तारा झालेल्या मुलीला मदतनीस बाई बाजूच्या दाराने घेऊन गेल्या. बाळ्याने हात वर केला, बोट रिकाम्या जागेकडे रोखलं आणि थांबला. शिक्षिकेने वाक्य कुजबुजलं. बाळ्याने सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, "पण तारा नाहीये. ती शू करायला गेलीय."

हॉल हशाने कोसळला. दोन राजे खाली बसले. एक मेंढी म्हणाली, "मलापण लागलीय."

"तीन आठवडे घोकून घेतलं हो," आई माझ्यासमोर रडत होती. "एक वाक्य. एकच! आणि सासूबाई माझ्या शेजारी बसून फिदीफिदी हसत होत्या."

"तारा होता का तिथे?"

"नव्हता."

"मग बाळ्याचं काय चुकलं?"

ती गप्प झाली, पण पटलं नव्हतं. घरी बडबडणारा मुलगा वर्गात हात वर करेना, असेंब्लीच्या दिवशी त्याचं पोट दुखे. त्यात बाबांनी, ज्यांच्यासाठी तिने फोनवर चित्रण केलं होतं, ती क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकली होती. रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगलीचा काका ओरडला, "काय रे, शूचा तारा!"

पाच वर्षांच्या मुलाला मी फार प्रश्न विचारत नाही. कागद दिला, म्हटलं नाटक काढ. त्याने स्टेज काढलं, मेंढ्या काढल्या, कोपऱ्यात कमोडवर बसलेला तारा काढला. समोर प्रेक्षकांची रांग, आणि प्रत्येकाच्या मानेवर एक चौकोन. "हे कोण?" "आया. फोन." रांगेत एकच गोल होता, त्याला कुंकू आणि मोठं हसू. "ही आजी." आईचा चौकोन कुठला, तेही त्याने बोट ठेवून दाखवलं.

तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसले. पुण्यात शिकताना मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने मी बोलण्यातला 'च' पकडायला शिकले: जोसेफच मिळायला हवा, वाक्य यायलाच हवं. तो 'च' सैल केला की अर्धं काम होतं, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले, आणि ते खोटं नाही. पण मुलाला आपला 'च' कुठून दिसणार? त्याला दिसतं आपलं तोंड. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीनच्या बालरुग्णालयात सुमारे चाळीस वर्षं काम केलेल्या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी लिहिलंय की बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघतं तेव्हा त्याला तिथे स्वतःच दिसतं. बाळ्याने त्या हशात स्वतःला शोधलं, तेव्हा आईच्या जागी फोनची पाठ होती. ही गोष्ट पुस्तकात वाचली होती, त्या दिवशी ती चौकोनात दिसली.

पुढच्या भेटीत मी तिला विचारलं, "तुम्ही कधी स्टेजवर होता?"

होती. दुसरीत, स्नेहसंमेलनात जिजाऊ. मधेच वाक्य गेलं. वडील पहिल्या रांगेत होते, उठले आणि निघून गेले. घरी त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

"वडिलांचा चेहरा कसा झाला होता?"

ती आठवत राहिली. मग म्हणाली, "चेहरा आठवत नाही. पाठ आठवते. राखाडी सफारीची पाठ." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "वाक्य पाठ नव्हतं, ती पाठ मात्र तेव्हापासून पाठ आहे." यापुढे मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकले आहे.

म्हणून आता फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी तेच ते सांगते. फोन मांडीवर ठेवा. चित्रण हवंच असेल तर शाळेला विचारून छातीशी धरा, फ्रेम वाकडी आली तरी चालेल. खुर्चीतून ओठ हलवून वाक्य सांगू नका, मूल मग नाटक सोडून तुमचे ओठ वाचतं. घरी "पाठ झालं का?" यापेक्षा "मेंढ्या कोण कोण आहेत?" हे विचारा. नाटकातल्या कामावरून शिक्षिकेशी भांडू नका. रंगाची शंका खरंच असेल, आणि ती कधी खरीही असते, तर मुलाच्या माघारी सरळ विचारा. नाटक संपल्यावर पहिलं वाक्य त्याला बोलू द्या, तोवर नुसतं जवळ घ्या. फजितीची क्लिप मुलाला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. आजी त्याच्याबरोबर हसली, काका त्याला हसला. पाच वर्षांच्या मुलाला हा फरक बरोबर कळतो, मोठ्यांनाच समजावून सांगावा लागतो.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ गप्पच राहिलं, तर शाळेशी आणि डॉक्टरांशी बोला. नुकतंच या देशात आलेलं, नवी भाषा कानावर घेणारं मूल काही काळ गप्प राहतं, ते वेगळं. 'लाजाळू आहे' म्हणून वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

बाळ्यावर ती वेळ आली नाही. बाबांनी क्लिप काढून टाकली, काकालाही समज दिली. आईने एका रात्री झोपवताना त्याला जिजाऊची गोष्ट सांगितली: वाक्य कसं गेलं, आजोबा कसे मधेच उठून गेले. ते आजोबा आता नाहीत. बाळ्या अंधारात बराच वेळ विचार करत होता.

"आई, त्यांना शू लागली होती का?"

"माहीत नाही रे," ती म्हणाली. "असेलही."