स्क्रॅपिंगमध्ये काही सापडलं नाही, तरी लूत असू शकते

तुमची दोन वर्षांची कुत्री मोती दीड महिना खाजवतेय, स्किन स्क्रॅपिंगमध्ये (कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्या तपासणीत) काही मिळालं नाही, म्हणून अ‍ॅलर्जी धरून स्टेरॉइड सुरू झालं आणि तरी ती रात्रभर झोपत नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी जाता जाता म्हणालात की तुमच्याही हातांवर आणि पोटावर लाल पुरळ आलंय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण तीच आहे, कारण लूत माणसालाही लागते.

लूत होते ती सार्कोप्टिस नावाच्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे, ते कातडीच्या वरच्या थरात बोगदे करतात. कुत्रं खाजवून बेजार होतं, पण किडे असतात मोजकेच. त्यामुळे निम्म्या किंवा त्याहून जास्त केसेसमध्ये ते स्लाइडवर येतच नाहीत. सापडले तर निदान पक्कं, न सापडले तर काहीच सिद्ध होत नाही. आमच्या कुत्रीच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. दोन निगेटिव्ह रिपोर्टांवर विसंबून तीन महिने गेले, तिचे ते हाल अजून आठवतात.

म्हणून आधी जागा बघा. कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे, छाती-पोटाखालचा भाग इथले केस गेलेत आणि पाठ मात्र स्वच्छ आहे का? मग कानाची कड दुमडून हलकेच चोळा. मागचा पाय खाजवल्यासारखा हलायला लागला तर संशय बळावतो. लूत असलेल्या दहांतल्या साधारण आठ कुत्र्यांत असं होतं.

डेमोडेक्स या दुसऱ्या जातीच्या किड्यांचं वेगळं. ते केसांच्या मुळाशी राहतात, कातडी दाबून खोल खरवडलं की बहुधा सापडतात, माणसाला लागत नाहीत. पण स्टेरॉइडने त्यांचा आजार चिघळतो, म्हणून स्क्रॅपिंग खोल केलं होतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. स्टेरॉइड मात्र स्वतःहून एकदम थांबवू नका.

लुतीचा संशय दाट असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही औषध देऊन बघणं हीच निदानाची रीत आहे. फ्लुरालानर, अफोक्सोलानर अशा किडे मारणाऱ्या गोळ्या वजनानुसार डॉक्टरच ठरवतील. मोतीला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध हवं. आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं इंजेक्शन मोतीला परस्पर टोचून घेऊ नका, कॉली जातीच्या कुत्र्यांत ते जिवावर बेतू शकतं. गाडीचं जळकं ऑइल तर अजिबात लावू नका, चाटलं की विषबाधा होते.

खाज दोन ते चार आठवडे रेंगाळेल, तेवढ्यात औषध लागू पडलं नाही असं समजू नका. तुमचं पुरळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरी कुत्री आहे हे त्यांना सांगा. कुत्र्याचा किडा माणसावर फार काळ टिकत नाही, मोती बरी झाली की सहसा तेही जातं.

आज कान चोळून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.