टाइमटेबल रविवारी बनतं, बुधवारी मोडतं

तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न: ताई, मी पुण्यात टीई कॉम्प्युटरला (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) आहे, २०१९ पॅटर्न (म्हणजे त्या वर्षीचा अभ्यासक्रम). दर सेमच्या पहिल्या रविवारी स्केचपेनने मस्त टाइमटेबल बनवते, पहाटे ५ ला उठायचं, रोज ५ तास अभ्यास, आणि बुधवारपर्यंत सगळं बोंबलतं. यावेळी इनसेमला (सेमच्या मधली परीक्षा) टीओसीत (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) ३० पैकी ९ आले. एंडसेमला (सेमच्या शेवटची परीक्षा) दीड महिना उरलाय आणि राइट-अप (प्रॅक्टिकलचं लेखन), मिनी प्रोजेक्ट, फाइल सगळं एकदम अंगावर आलंय. घरचे म्हणतात तुला शिस्तच नाही. काय करू?

उत्तर: शिस्तीचं राहू दे बाजूला, आधी हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ७ तास म्हणजे ४९, कॉलेज प्रॅक्टिकल धरून ४२, येणं-जाणं १२, जेवण-आंघोळ-आवराआवर २१. झाले १२४, उरले ४४. आणि त्या ४४ पैकी तू ३५ तास अभ्यासाला लिहून टाकलेस! मग कपडे कधी धुणार, पीएमपीची बस अर्धा तास आलीच नाही तर तो वेळ कुठून काढणार, मैत्रिणीचा वाढदिवस कुठल्या खात्यात टाकणार? असं टाइमटेबल मोडणारच, त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही. २० तास धर, ते जमतील.

दुसरं म्हणजे कामाला किती वेळ लागेल हा आपला अंदाज जवळपास नेहमीच कमी निघतो, आणि हे फक्त आळशी लोकांचं होतं असं नाही. १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी या सवयीवर लिहिलं, आणि १९९४ साली कॅनडात शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना विचारलं गेलं की तुमचं कधी पूर्ण होईल. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर, म्हणजे दीडपटीहून जास्त. म्हणून तुझा जो काही अंदाज असेल त्याला सरळ दीडने गुण. मिनी प्रोजेक्टला चार रविवार लागतील असं वाटतंय ना, मग सहा धर, आणि सहा रविवार हातात नसतील तर प्रोजेक्ट आत्ताच छोटा कर, गाईडना भेटून दोन मॉड्यूल कमी करून घे. शेवटच्या रात्री जागून कोड चिकटवण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं.

आता टीओसी. टाइमटेबलात तू "६ ते ८ टीओसी" असं लिहितेस ना, ते काम नाहीये, नुसती वेळ आहे, त्या दोन तासांत तू नोट्सवर हायलायटर फिरवत बसलीस तरी टाइमटेबल पाळल्याचं समाधान मिळतंच. काम असं लिही: युनिट ३, सीएफजीचं (भाषेच्या नियमांचा संच) सीएनएफ (त्याच नियमांचं ठरावीक साच्यातलं रूप) करायचं, जुन्या पेपरमधली दोन गणितं, वही मिटून. मग त्यातल्या पहिल्या पायऱ्या, म्हणजे एप्सिलॉन प्रॉडक्शन काढलं, युनिट प्रॉडक्शन काढलं आणि पुढे अडकलीस तर नेमकं काय येत नाही ते कळतं, आणि तेवढंच बघायचं. एंडसेमला युनिट ३ ते ६ असल्यामुळे मुलं पहिली दोन युनिटं विसरून जातात, पण टीओसीत हे चालत नाही, डीएफए-एनएफए (सुरुवातीची साधी कल्पित यंत्रं) कच्चं असेल तर पीडीए (त्यांच्यावरच उभं असलेलं पुढचं यंत्र) डोक्यावरून जाणार. त्यामुळे पहिला आठवडा मागे जाऊन तेवढं पक्कं कर, मार्क मिळणार नसले तरी.

वही मिटूनच का म्हणतेय? २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे थोडे पुढे होते, पण आठवड्याने बघितलं तर त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे परत परत वाचल्यावर "येतंय येतंय" असं जे वाटतं ना ते रात्रीपुरतं असतं, आणि तुझा पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

राइट-अपचं एकच सांगते, ज्या आठवड्यात प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात लिहून सही घ्यायची. सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेरच्या रांगेत निम्मा दिवस जातो तो कुठल्याच टाइमटेबलात नसतो.

प्रश्न: मी बदलापूरहून मुंबईला कॉलेजला येतो, बीकॉमचं दुसरं वर्ष. दुपारनंतर एका अकाउंटंटकडे पार्टटाइम काम करतो, घरी यायला रात्रीचे १० वाजतात. एक एटीकेटी (मागचा राहिलेला विषय) आहे. लोकलमध्ये अभ्यास होतो का हो?

उत्तर: दाराला लटकून नाही होत रे, आणि तिथे मोबाईल तर काढूच नकोस. सकाळची बदलापूरहून सुटणारी लोकल पकडता येत असेल आणि बसायला मिळत असेल तर तो दीड तास तुझा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ आहे, डोकं ताजं असतं. थिअरीचे विषय, कायद्याची कलमं, व्याख्या असं तिथे ने. अकाउंट्सची गणितं मांडीवर वही घेऊन होत नाहीत, ती रविवारी टेबलावर. उभं राहावं लागलं तर काल वाचलेलं मनात आठवून बघ, आठवलं नाही ते उतरल्यावर बघायचं. रात्री १० नंतर नवीन काही वाचायच्या भानगडीत पडू नकोस, जेव आणि झोप. एटीकेटीचा विषय मात्र आठवड्यात दोनदा तरी हातात आलाच पाहिजे, कारण चालू सेमच्या गडबडीत तोच आधी मागे पडतो. आणि परीक्षेच्या पंधरवड्यात सुट्टी हवी हे ऑफिसात आत्ताच सांगून ठेव, त्यांच्या रिटर्न भरायच्या तारखांच्या तोंडावर मागितलीस तर कोण देणार?

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा पुण्यात रूम घेऊन राहतो. रात्रभर अभ्यास करतो म्हणतो आणि दुपारी १ ला फोन केला तर झोपेत असतो. मी त्याला टाइमटेबल बनवून पाठवू का? - एक आई, सांगली

उत्तर: नका पाठवू, फोनवरून चालणारं टाइमटेबल मी तरी पाहिलेलं नाही. रात्री रूमवर शांतता असते म्हणून पुष्कळ मुलं जागतात, काहींचा अभ्यास खरंच होतो. पण सकाळची लेक्चर बुडत असतील तर हजेरीचा प्रश्न येतो, ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की फॉर्म भरताना पळापळ. तेवढंच विचारा, हजेरी किती आहे आणि कमी हजेरीवाल्यांची यादी लागली का. "अभ्यास झाला का" या प्रश्नाला सगळी मुलं "हो" म्हणतात. दुसरं, पेपर रात्री दोनला नसतो, दिवसा असतो, म्हणून परीक्षेच्या दोन आठवडे आधीपासून झोप रोज थोडी थोडी अलीकडे आण असं सांगा. त्याच्या रूमजवळ अभ्यासिका असेल तर महिनाभराची फी तुम्ही भरा, तिथे चार पोरं मान खाली घालून बसलेली असली की आपलाही हात मोबाईलकडे कमी जातो. आणि फोन दुपारी १ ऐवजी रात्री ९ ला करा, तेव्हा तो जागा असेल.