अंग बाहेर येतंय, ऑपरेशन झालं की घर कोण बघणार?

"ताई ऑपरेशन करेन हो, पण नंतरचं काय?" जळगाव-धुळ्याकडच्या बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. बाळंतपणानंतर गर्भाशय किंवा लघवीची पिशवी खाली सरकते, अंग बाहेर येतं, खोकलं तरी लघवी सुटते आणि बाई आत कापडाची घडी ठेवून वर्षानुवर्षं गप्प बसते.

पारोळ्याकडची एकजण आली होती, चौतिशीची, तीन बाळंतपणं झालेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून आठ महिने झालेले. मला वाटलं भुलेची, टाक्यांची भीती असेल, तीन भेटी आम्ही तेच बोलत राहिलो. चौथ्या भेटीत सहज विचारलं, दवाखान्यातून घरी आलीस की दुसऱ्या दिवशी पाणी कोण भरणार? तर रडायलाच लागली.

"माले आप्रेशननी भीती नही वाटत ताई. खाटेवर पडून राहिले तर सासू काय म्हणेल त्याची वाटते. दिसायला तर मी धडधाकट."

मी पहिल्यापासून मानते की बाईची भीती एकट्या तिच्या डोक्यात नसते, घरातल्या माणसांच्या मधे असते. म्हणून पुढच्या वेळी सासू आणि नवरा दोघांना बोलावलं. सहा आठवडे वजन उचलायचं नाही हे ऐकून सासू, म्हणजे मावशी, म्हणाल्या, "लोकं आठ दिवसात कापूस वेचायला जातात." टाके, स्नायू सगळं समजावून झालं, काही उपयोग नाही. मग म्हटलं, मावशी, आपला सव्वा महिना आणि वर थोडे दिवस, बस. सून परत बाळंत झाली असं समजा.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बायतपण म्हणता, पन पोर कोठे शे?"

मला पटकन उत्तरच सुचलं नाही, कारण बाई खरं बोलत होती. कुशीत पोर दिसतं म्हणून बाळंतिणीला कोणी उठवत नाही. या दुखण्यात तर बाहेरून काहीच दिसत नाही, टाकेही आतल्या आत, मग आराम कशाच्या जोरावर मागायचा? इतक्या वर्षांत मी बायकांना धीर धर, घाबरू नको सांगत आले, खरी अडचण ही होती. मी तसंच बोलून दाखवलं, तर मावशीच म्हणाल्या, मग खाट पुढच्या खोलीत टाकू, येणारा-जाणारा बघेल. आणि नवऱ्याने मान खाली घालूनच पाणी भरायचं कबूल केलं.

आता ज्या वाचतायत त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, बाळंतपणानंतर लगेच ऑपरेशनची घाई नसते, थोडं खाली आलेलं अंग काही महिन्यांत व्यायामाने बरंच सुधारू शकतं, अंगाला आधार द्यायला आत बसवायची रिंगही मिळते. ऑपरेशनमधे गर्भाची पिशवी काढलीच पाहिजे असंही नाही, तरुण बायकांची पिशवी राखून ती वर बांधायच्या पद्धती मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे या डॉक्टरांच्या नावाने शिकवल्या जातात, तेव्हा पुढे मूल हवं असेल तर आधीच सांगा. नंतर एखाददोन दिवस लघवीची नळी असते, काही आठवडे थोडा स्राव जातो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं, तो साधारण सहा आठवडे उचलायचा नाही, आणि नवऱ्याजवळ जाणंही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. शौचाला जोर करू नका, पाणी भरपूर प्या, फळं-पालेभाज्या खा, जुना खोकला असेल तर तो आधी बरा करून घ्या. ताप, जास्त रक्त, घाण वास, लघवी अडकणं, पोटरी सुजून दुखणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हो, अंग परत खाली येऊ शकतं, म्हणून बरं झाल्यावरही वजन जपून, व्यायाम डॉक्टरांना विचारून चालू ठेवा.

ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी पाणी, भाकरी, गुरं, पोरांची शाळा कोण बघणार ते घरात सगळ्यांसमोर नावानिशी ठरवा. एकट्या बाईवर सोडलं तर ती विसाव्या दिवशी हंडा उचलते, मी पाहिलंय.

पारोळ्याच्या त्या घरी शेजारीण विचारायला आली, सून दिवसा कशी काय झोपलीय? मावशींनी दारातूनच सांगितलं, "वली बायतीन शे ती, आवाज नका करू."